सहभागी क्रमांक सात

"पण चपला काढून घेतं कोण?" अभ्यासाला आलेल्या मुलीने विचारलं.

"कोण म्हणजे? आम्हीच घेतो," धाकटी म्हणाली. "आजी-आजोबा पडू नयेत म्हणून."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"सांगायला कशाला लागतंय? पद्धतच आहे ती."

दोघी चादरींच्या खोलीत बसल्या होत्या. वृद्धनिवासात सगळी दारं उघडी ठेवायची शिस्त होती, पण या खोलीचं दार ओल धरून फुगलं होतं आणि ओढलं की घट्ट बसायचं. मुलीच्या मांडीवर कागद होते, स्टुलावर रेकॉर्डिंगचं छोटं यंत्र. धाकटी एका पालथ्या टोपलीवर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. रिकाम्या हाताने बोलायची तिला सवय नव्हती.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. बाई त्रेपन्न वर्षांची, निवासात एकोणीस वर्षं सेविका. पण तिची थोरली बहीण त्याच निवासात खिडकीजवळच्या खाटेवर असल्यामुळे सगळे दोघींना थोरली आणि धाकटीच म्हणत. मुलीच्या कागदावर मात्र ती 'सहभागी क्रमांक सात' होती. मुलीने सुरुवातीलाच चार पानं वाचून दाखवली होती. तुमचं नाव कुठेही येणार नाही. या संस्थेचं येणार नाही. नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. दोन महिन्यांच्या आत कधीही कळवा, तुमचं सगळं बोलणं काढून टाकू. इतक्या सवलती धाकटीला आयुष्यात कुणी दिल्या नव्हत्या. तीन वर्षं लग्न टिकलं होतं, त्यातही नाही.

अभ्यासाचा विषय होता 'सेवासंस्थांमधील सत्ता आणि काळजी'. निवास चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी त्यातला 'काळजी' एवढाच शब्द वाचून परवानगी दिली असावी. "सगळ्यांनी मोकळेपणाने बोला," असं त्या सेविकांना म्हणाल्या होत्या, आणि ते म्हणताना प्रत्येकीकडे एकेकदा बघितलं होतं. त्यामुळे आधीच्या सहा जणींनी मोकळेपणाने सांगितलं, की इथे सगळं छान आहे.

धाकटीही तेच सांगणार होती. अर्धा तास तिने सांगितलंही. वेळच्या वेळी औषधं, वेळच्या वेळी आंघोळी, वाढदिवसाला फुगे. मुलगी लिहून घेत होती. मग तिने विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय करायला जड जातं?" आणि धाकटीच्या तोंडून चपला निघाल्या. का निघाल्या ते तिलाही कळलं नाही. एकोणीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, एवढंच कारण असेल.

तीन वर्षांपूर्वी एक आजी व्हरांड्यात घसरून पडल्या आणि कमरेचं हाड मोडलं. तपासणीवाले आले. फरशी बदला म्हणाले. फरशी बदलणं म्हणजे केवढं काम. मोठ्या बाईंनी त्याऐवजी सगळ्यांच्या चपला गोळा करवल्या, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. गार फरशीवर म्हातारी माणसं अनवाणी चालत नाहीत. जी चालत नाहीत ती पडत नाहीत. हिशेब चोख होता. पुढे हळूहळू, कुणीही न ठरवता, चपलांचं बक्षीस झालं. जो घंटा कमी वाजवेल, जेवण मुकाट्याने संपवेल, भेटायला आलेल्यांसमोर बरं बोलेल, त्याला संध्याकाळी तासभर चपला मिळायच्या आणि अंगणात फिरता यायचं.

"बरं बोलेल म्हणजे?" मुलीने विचारलं.

"'मला इथं बरं आहे, काही त्रास नाही.' एवढं वाक्य. तपासणीच्या आदल्या दिवशी मी एकेकाकडून म्हणून घेते. विसरतात ना."

मुलीचं पेन थांबलं. धाकटीने घडी मोडून पुन्हा घातली.

"आमचे पोस्टमनकाका आहेत ना, कोपऱ्यातल्या खाटेवरचे," ती म्हणाली. "चाळीस वर्षं दारोदार चालले. ते चपला मागत नाहीत. म्हणतात, 'बाई, आज पाय देता का?' मी म्हणते, बघू. काय म्हणणार दुसरं? किल्ली मोठ्या बाईंकडे. दर गुरुवारी मी कपाट साफ करायला म्हणून किल्ली मागून घेते. एकेक चप्पल काढून ओल्या फडक्यानं पुसते. मिळतील तेव्हा धुळीच्या नकोत. बाकी कुणाला ठाऊक नाही हे. हसतील."

"मोठ्या बाईंना?"

"त्यांना आहे. एकदा आत आल्या होत्या. बघितलं, काही बोलल्या नाहीत."

"तुमच्या बहिणीच्याही चपला आहेत कपाटात?"

धाकटीने अभ्रा मांडीवर ठेवला. "पहिल्या फळीवर," ती म्हणाली. "मीच ठेवल्या. आपल्या माणसाला सूट दिली असं कुणी म्हणायला नको."

मग ती तासभर बोलत राहिली. थोरलीने तिला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची आणि थोरली एकोणीसची. थोरलीने गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीन चालवलं, धाकटीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं आणि ते मोडल्यावर एक शब्द न विचारता तिचं अंथरूण पुन्हा घातलं. स्वतःचं लग्न करायचं तेवढं राहून गेलं. सहा वर्षांपूर्वी तिचं उजवं अंग गेलं, तेव्हा मोठ्या बाई स्वतः दवाखान्यात आल्या होत्या. म्हणाल्या, "आपलंच घर आहे, आण तिला." एक पैसा घेतला नाही. खिडकीजवळची खाट दिली. धाकटी तेव्हा त्यांच्या पाया पडायची बाकी राहिली होती.

"आणि त्यानंतर तुम्ही कधी कशाला नाही म्हणालात?" मुलीने विचारलं.

धाकटी विचार करत राहिली. दुहेरी पाळी होती, रद्द झालेल्या रजा होत्या, औषधांच्या कोऱ्या तक्त्यांवर सह्या होत्या. दर वेळी तिच्या तोंडावर 'नाही' आलं, की मोठ्या बाई मऊ आवाजात एकच गोष्ट विचारायच्या. "थोरली कशी आहे?" बस, एवढंच. कधी आवाज चढवला नाही की धमकी दिली नाही. उलट एखाद्या शेजारणीने विचारावं तसं आपुलकीने विचारायच्या. आणि धाकटी म्हणायची, "बरी आहे. करते मी पाळी."

"कुणी तसं म्हटलं नाही हं कधी," ती घाईने म्हणाली. "की नाही केलंस तर खाट जाईल. असं काही नाही."

"म्हणावं लागतच नाही," मुलगी म्हणाली. "याला आमच्याकडे नाव आहे. सक्तीचं नियंत्रण. ते घरात असतं, तसंच कामाच्या ठिकाणीही असतं. मारहाण नसते, पण माणूस परवानगीशिवाय हलेनासा होतो."

"नाव असतं होय याला?" धाकटी म्हणाली. "मला वाटलं, त्यांचा स्वभाव आहे."

त्या दिवशी चादरींच्या खोलीतून बाहेर पडताना तिला हलकं वाटलं. पोस्टमनकाकांना तिने उगाच एक कप चहा जास्त दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आपण करून बसलो आहोत, हे कळायला तिला अजून सात महिने लागणार होते.

सात महिन्यांनी एका बुधवारी सकाळी अकरा वाजता मोठ्या बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. बस म्हणाल्या. चहा मागवला. चहा आला की समजावं, काहीतरी आहे.

मोठ्या बाई साठीच्या होत्या. केस नीट, कपडे नीट, आवाज कायम खालच्या पट्टीतला. निवासातल्या प्रत्येकाचा वाढदिवस त्यांना पाठ होता. एखादा म्हातारा गेला की त्या खरोखर रडत. हे लिहायचं कारण, त्या ढोंगी होत्या असं कुणाला वाटू नये. सगळ्यांचं आपल्यालाच कळतं आणि सगळ्यांनी आपलं ऐकलं तर सगळे सुखी होतील, असं त्यांना मनापासून वाटे. ढोंगी माणसाच्या तावडीतून एक वेळ सुटता येतं. तो कधीतरी कंटाळतो.

टेबलावर एक पुस्तिका होती. गुळगुळीत कागदाची, निळ्या कव्हरची.

"त्या मुलीचा अहवाल आला," मोठ्या बाई म्हणाल्या. "प्रत्येक संस्थेला एक प्रत पाठवलीय. छान काम केलंय पोरीनं. बारा संस्था घेतल्यात. नाव कुणाचंच नाही." त्यांनी चष्मा लावला आणि खूण घातलेलं पान उघडलं. "ऐक हं. 'एका सेविकेने सांगितले, की कुलूपबंद कपाटातील चपला ती दर गुरुवारी एकेक करून ओल्या फडक्याने पुसते. मिळतील तेव्हा धुळीच्या नकोत, असे कारण तिने दिले. नियंत्रणाच्या यंत्रणेत सामील असलेली व्यक्तीही त्या यंत्रणेला सूक्ष्म प्रतिकार कसा करते, याचे हे बोलके उदाहरण आहे.'"

त्यांनी चष्मा काढला.

"बाराही ठिकाणी कुणी ना कुणी गुरुवारी चपला पुसत असणार," त्या म्हणाल्या. "नाही का?"

कपातल्या चहावर साय धरली होती.

"मला राग नाही आला. वाईट वाटलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेतं का कुणी? मला येऊन सांगायचंस. मी काय वाघ आहे?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"मी काही तुला काढत नाहीये. घरच्या माणसाला कुणी काढतं का? फक्त एक कर." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, की मुलाखतीच्या वेळी प्रकृती बरी नसल्यामुळे मी गोंधळून चुकीची माहिती दिली, या संस्थेत असा कोणताही प्रकार घडत नाही, आणि संशोधक मुलीने प्रश्न विचारून माझ्याकडून ते वदवून घेतले. खाली सहीची जागा. "विद्यापीठाला पाठवायचंय. संध्याकाळपर्यंत दे. घाई नाही."

धाकटी कागद घेऊन उठली. दारापर्यंत गेली.

"थोरली कशी आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बरी आहे," धाकटी म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाबाहेर जाऊन सायकलच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिली आणि तिने मुलीला फोन लावला. नंबर चार पानांच्या शेवटी होता. ती पानं तिने जपून ठेवली होती, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात.

"अहो, पण मी नाव कुठेच दिलेलं नाही," मुलगी म्हणाली. तिचा आवाज लगेच घाबरला. "संस्थेचंही नाही. गावाचंही नाही. तीन जणांनी तपासून बघितलं होतं."

"नाव नाही हो. चपला आहेत ना," धाकटी म्हणाली.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. ती हुशार मुलगी होती. तिने वय बदललं होतं, नोकरीची वर्षं बदलली होती, बहिणीचा उल्लेखच गाळला होता. धाकटीला ओळखू येईल असं जे जे तिला माहीत होतं ते ते तिने खोडलं होतं. पण गुरुवारी चपला पुसणारी बाई साऱ्या जगात एकच असेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. ते वाक्य तिला फार आवडलं होतं. अहवालात एखादं तरी काळजाला भिडणारं वाक्य हवं, असं तिच्या मार्गदर्शकांनीही सांगितलं होतं.

"काढून टाकता येईल का?" धाकटीने विचारलं.

"मुदत दोन महिन्यांची होती. आता छापून... सगळीकडे गेलंय." मुलीला बोलणं जड जात होतं. "तुम्ही तक्रार करू शकता. माझ्याविरुद्धसुद्धा. आमच्याकडे एक समिती असते. मी फॉर्म पाठवते. तुमच्यावर दबाव येतोय हेही त्यात लिहिता येईल. ते चौकशी करतील."

"किती दिवसांत?"

"नव्वद."

धाकटी हसली. संध्याकाळ व्हायला सहा तास होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिने आजवर पुष्कळ खाल्ला होता, पण बुक्की मारणाऱ्याने सोबत फॉर्मही द्यावा, हे नवीन होतं.

"मी येते तिथे," मुलगी म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी." आणि ती रडायला लागली.

"येऊ नका. आणखी वाढेल," धाकटी म्हणाली. "रडू नका हो. मुद्दाम थोडंच केलंत. जेवलात का?"

"नाही."

"जेवून घ्या मग," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ठेवल्यावर तिला त्या मुलीचा मनस्वी राग आला. रडायला मोकळी होती ती. तिचं पुस्तक निघालं होतं, पुढेमागे तिला नोकरी लागेल, कुठल्याशा सभेत ती हाच प्रसंग सांगेल आणि लोक हळहळतील. धाकटीने सायकलवाल्याकडून घोटभर पाणी मागून घेतलं आणि ती परत फाटकातून आत गेली.

सही करायची, हे तिने मनात ठरवूनच टाकलं होतं. खोटं लिहून द्यायला तिला काही वाटणार नव्हतं. तक्त्यांवर काय थोड्या खोट्या सह्या केल्या होत्या? थोरलीची खाट राहिली म्हणजे झालं. राहत्या घरी एक खोली, वरचा मजला, अरुंद जिना. धाकटी बारा तास कामावर. अर्धं अंग गेलेल्या माणसाला तिथे बघणार कोण? हा विचार तिने सहा वर्षांत शेकडो वेळा केला होता आणि दर वेळी तो याच ठिकाणी येऊन थांबायचा.

थोरलीला मात्र सांगायला हवं होतं. लहानपणापासून थोरलीला न सांगता तिने कुठलीच गोष्ट केली नव्हती.

दुपारी दोन ते चार निवासात सगळ्यांनी पडून राहायचं असतं. झोप येवो न येवो. थोरली डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडली होती. बाजूची खाट रिकामी होती. धाकटीने स्टूल ओढलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. मुलगी, मुलाखत, अहवाल, मोठ्या बाई, कागद. थोरलीचं बोलणं तोंडाच्या एकाच बाजूने यायचं, सावकाश, पण डोकं शाबूत होतं. ती ऐकत होती. धाकटीला वाटलं, आता ही पूर्वीसारखी चिडेल. 'गाढवे, तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला,' असं म्हणेल. म्हणाली असती तर फार बरं वाटलं असतं.

"आक्का, काय करू मी?" धाकटीने विचारलं. "सही करू ना?"

थोरलीने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या निळ्या गणवेशाकडे, खिशाला लावलेल्या बिल्ल्याकडे. डाव्या हाताने तिने अंगावरची चादर सारखी केली.

"मला इथं बरं आहे," थोरली म्हणाली. "काही त्रास नाही."

धाकटीने मागे वळून बघितलं. दारात कोणीच नव्हतं. मोठ्या बाई दुपारी घरी जात. तपासणीवाला कुणी आला नव्हता. खोलीत त्या दोघीच होत्या.

"आक्का, मी आहे गं," ती म्हणाली. "मी विचारतेय."

"बरं आहे," थोरली म्हणाली. "जेवण वेळेवर. काही त्रास नाही."

शब्द न शब्द धाकटीच्या ओळखीचा होता. तिनेच तो एकेकाच्या उशाशी बसून घोकून घेतला होता. थोरलीलाही. म्हणताना थोरलीची नजर बिल्ल्यावरून हलली नव्हती, आणि त्या नजरेत जे होतं ते धाकटीने पोस्टमनकाकांच्या नजरेत रोज बघितलं होतं. तिला ते आजवर समजूतदारपणा वाटलं होतं. मोठ्या बाईंची भीती सगळ्यांना वाटते हे ती धरून चालली होती. पण मोठ्या बाई दिवसातून एकदा फेरी मारून जात. उरलेला दिवस खोलीत असायची ती धाकटी. आंघोळ कधी, दिवा कधी, पाणी किती, घंटेला ओ द्यायची की नाही, हे सगळं या हातांत होतं. ज्या बहिणीच्या मांडीवर झोपून ती मोठी झाली, ती बहीण तिला घाबरत होती. कधीपासून, ते विचारायची तिला हिंमत झाली नाही.

तिने बिल्ला काढून खिशात टाकला. मग खिशातून काढून स्टुलावर ठेवला.

"चल, घरी जाऊ," ती म्हणाली.

थोरलीने डाव्या हाताने चादर बाजूला सारली. तो होकार होता की नुसता आज्ञाधारकपणा, तेही धाकटीला ओळखता आलं नाही.

चार वाजता मोठ्या बाई आल्या. धाकटीने न सही केलेला कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की थोरलीला नेते. मोठ्या बाई भांडल्या नाहीत. त्यांनी समजावलं. जिन्याची आठवण करून दिली, औषधांची, पाठीला होणाऱ्या जखमांची. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. "रागाच्या भरात तिचे हाल करशील," त्या म्हणाल्या. "अजूनही काही बिघडलेलं नाही. खाट तशीच ठेवते."

सात जन्मांची कमाई हातातून जावी तसं धाकटीला वाटत होतं आणि तरीही ती उभी राहिली.

"नेते," ती म्हणाली.

"मग एवढं लिहून दे, की स्वखुशीने नेतेयस. उद्या काही झालं तर आमच्यावर नको." मोठ्या बाईंनी छापील कागद काढला. तो नेहमीचाच होता. धाकटीने आजवर कितीतरी नातेवाईकांकडून तो भरून घेतला होता. तिने 'स्वखुशीने' या शब्दाखाली सही केली.

"उद्यापासून तू...?" मोठ्या बाईंनी वाक्य अर्धं सोडलं.

"नाही येणार," धाकटी म्हणाली.

मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. त्यांनी स्वतः किल्ली आणून कपाट उघडलं आणि थोरलीच्या चपला काढून दिल्या. तीन वर्षांत थोरलीचे पाय सुजून बदलले होते, चपला टाचेपाशी अडल्या. धाकटीने त्या पिशवीत टाकल्या. पुरुषांच्या खोलीसमोरून थोरलीची खुर्ची ढकलत नेताना तिला दिसलं, कोपऱ्यातल्या खाटेवर पोस्टमनकाका उठून बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. तिनेही त्यांच्याकडे बघायचं टाळलं. एकाला नेलं म्हणजे बाकीच्या एकोणतीस जणांना तिथेच ठेवलं, हे गणित तिला येत होतं. उद्यापासून चपला पुसायला कुणी नसणार, एवढाच काय तो त्यांच्या आयुष्यात फरक.

टेम्पोवाला भला होता. त्याने आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादाने मिळून थोरलीला वर नेलं. जिन्यात तीनदा थांबावं लागलं. थोरली दर वेळी म्हणत होती, "माफ करा हं." शिंपीदादा म्हणाला, "अहो ताई, माफी कसली. माझी आई तुमच्यापेक्षा दुप्पट होती, एकट्यानं न्यायचो." थोरली त्यावर हसली नाही. तिने पुन्हा माफी मागितली.

खोली सहा वर्षांत तशीच होती. दोन खाटा, शेगडी, भिंतीला थोरलीचं शिलाई मशीन, त्यावर धाकटीच्या कपड्यांचा ढीग. धाकटीने तिला तिच्या खाटेवर बसवलं, पाठीशी उशा लावल्या, खिडकी उघडली. मग ती तांब्याभर पाणी तापवायला लागली. उद्याचं उद्या बघू, असं ती मोठ्याने म्हणाली. सकाळी शेजारच्या मुलीला विचारू, दुपारपुरती बसेल का. धुण्याभांड्याची कामं धरू, घराजवळची, दोन-दोन तासांची. ती बोलत राहिली. बोलणं थांबलं तर भीती वाटेल, म्हणून बोलत राहिली. बाहेर अजून उजेड होता. मुलं रस्त्यावर चेंडू आपटत होती.

थोरली खाटेच्या कडेला बसून होती. ताठ. अर्धा तास झाला असेल, तिने पाठ टेकली नव्हती. उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता, डाव्याने ती खाटेची पट्टी धरून होती. तोल जाऊ नये म्हणून तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

"पडू का जरा?" तिने विचारलं.

"थांब," शेगडीपाशी पाठमोरी बसलेली धाकटी म्हणाली. "विचारून सांगते."

आणि ती खरोखर उठली. हात पुसले, दारापर्यंत गेली, कडी काढून तिने दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. शिंपीदादाच्या मशीनचा आवाज खालून येत होता. धाकटी उंबऱ्यावर उभी राहिली. कडीवरचा हात तिला खाली घेता येईना, आणि मागे वळायचं धाडस होईना.

खाटेच्या कडेला बसून थोरली उत्तराची वाट बघत होती.